‘नको ते खासगी प्रश्न विचारतात’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. आधी माफी मागते. त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे लॅब्रॅडॉर कुत्र्याचं पिल्लू न्यायला आलात, तेव्हा तुमच्या आईंसमोर मी ताईंना विचारलं, “घरात लवकर बाळ यायचंय का?” हे चुकलं. तुम्ही लिहिलंय की बाळ येणार असल्याचं तेव्हा फक्त तुम्हा दोघांना माहीत होतं, आईंनाही सांगितलं नव्हतं. ताईंचा चेहरा उतरलेला मी पाहिला होता, पण मला वाटलं उन्हातून आल्यामुळे दमल्या असतील. त्यांना माझी माफी पोचवा. मनापासून मागतेय.

पण “मालकीणबाईंना लोकांच्या घरात डोकवायची हौस आहे” हे तुमचं वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाही. तो प्रश्न मी पिल्लू न्यायला येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला विचारते. का विचारते ते इथेच सांगते, कारण तुमचा रिव्ह्यू वाचून दोघांनी बुकिंग रद्द केलंय आणि आमचं घर याच कामावर चालतं.

तुम्ही आलात तेव्हा फाटकाशी एक म्हातारा लॅब बसला होता. तुम्ही त्याच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि “किती शांत आहे हो” म्हणालात. तो आमच्याकडेच जन्मला. २०१५ साली नवीन लग्न झालेल्या एका जोडप्याला मी तो दिला होता. त्या वेताला सगळ्यात धीट पिल्लू तोच होता. त्यांना धीटच हवा होता आणि मी काही विचारलं नाही. वर्षाच्या आत त्यांच्याकडे बाळ आलं. कुत्रा पाळण्यावर उड्या मारायला लागला, म्हणून आधी बाल्कनीत गेला, मग गच्चीवर, मग साखळीला. दोन वर्षांचा झाल्यावर त्यांनी परत आणून सोडला, तेव्हा गळ्याभोवतीचे केस गेलेले होते आणि माणसाने हात उचलला की तो जमिनीला चिकटायचा. ती माणसं वाईट नव्हती. कुत्रा पण वाईट नव्हता. मी चुकीचं पिल्लू चुकीच्या घरी दिलं होतं. त्याला पुन्हा माणसात आणायला दीड वर्ष लागलं. तेव्हापासून हा प्रश्न मी सोडलेला नाही. लॅब दहा-बारा वर्षं जगतो. आज घरात दोनच माणसं असली तरी पिल्लू ज्या घरात म्हातारं होणार, ते घर वेगळं असतं.

आता “स्वतःच्या पसंतीचं पिल्लू घेऊ देत नाहीत” याबद्दल. दादा, हे मात्र खरं नाही. तुम्ही पसंतीचंच पिल्लू नेलंत, ओळखीसाठी गळ्यात लाल लोकर बांधलेलं. मी तीन वेळा हिरव्या लोकरीचं घ्या म्हटलं होतं. शेवटी तुमच्या आई म्हणाल्या, “अहो, तेच आधी धावत आलं, त्यानेच आपल्याला निवडलंय,” आणि मी गप्प बसले. तिथे मी गप्प बसायला नको होतं, एवढी चूक माझी.

त्या दिवशी तेच आधी का धावत आलं? मी तुम्हाला सकाळी अकराची वेळ दिली होती. त्या वेळी सातही पिल्लं जागी असतात, खेळत असतात, आणि प्रत्येकाचा स्वभाव बघता येतो. तुम्ही साडेतीनला पोचलात. रविवारची वाहतूक असते, शिरवळपर्यंत यायला वेळ लागतो, मला समजतं. पण तोपर्यंत पिल्लांचं खाणं होऊन सहा जणं गाढ झोपली होती. जागं होतं ते एकटं लाल. ते दुधवाल्याकडेही असंच धावतं, गॅसवाल्याकडेही. तुमच्या जागी कुणीही असतं तरी आधी तेच आलं असतं. अकराला आला असता तर हिरवं पिल्लू तुमच्या पायाशी येऊन बसलेलं तुम्ही पाहिलं असतं. मी त्याला उठवून आणलं तेव्हा ते पेंगत होतं आणि तुम्हाला ते “मंद” वाटलं. मंद नव्हतं हो, झोपलेलं होतं.

माझं म्हणणं नुसत्या अंदाजावर नव्हतं. पिल्लं ४९ दिवसांची झाली की आम्ही त्यांची स्वभावचाचणी घेतो, अमेरिकेतल्या जॅक आणि वेंडी वोल्हार्ड या जोडप्याने लावून दिलेली. पिल्लं मला ओळखतात म्हणून ती मी घेत नाही, पिल्लांनी आधी न पाहिलेलं माणूस बोलावते. एकेक पिल्लू अनोळखी खोलीत न्यायचं. लांबून हाक मारायची, चालत जाऊन मागे येतं का बघायचं, तीस सेकंद हलकेच उताणं धरायचं, तीस सेकंद जमिनीपासून उचलून धरायचं, कागदाचा बोळा टाकून आणतं का बघायचं, ताटलीवर चमचा वाजवायचा, छत्री उघडायची. प्रत्येक गोष्टीला एक ते सहा आकडा. एक म्हणजे अंगावर येणारं, फार धीट. सहा म्हणजे माणसाकडे लक्षच नाही. लाल पिल्लाला बहुतेक ठिकाणी दोन होते. उताणं धरल्यावर ते पूर्ण तीस सेकंद लाथा झाडत राहिलं. हिरव्याला बहुतेक चार. ते आधी वळवळलं, मग सैल पडलं. चमच्याच्या आवाजाला दचकलं, पण आवाज कुठून आला ते बघून परत चाचणी घेणाऱ्याकडे आलं. लहान मूल येणार असलेल्या घराला आणि पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्याला चारचं पिल्लू सोपं जातं. दोनचं पिल्लू वाईट नसतं, पण त्याला सराईत माणूस आणि भरपूर वेळ लागतो. मी तो कागद तुम्हाला दाखवला होता.

ही चाचणी म्हणजे कुंडली नाही. सात आठवड्यांच्या पिल्लावरून मोठेपणीचा स्वभाव किती कळतो याबद्दल अभ्यासकांचंही एकमत नाही आणि माझेही अंदाज चुकलेत. म्हणून मी पिल्लांच्या आईकडे बघायला सांगते. त्यांची आई सोनी अनोळखी माणसाला पिल्लांजवळ बसू देते, ते तुम्ही पाहिलंत. कोपऱ्यात दबून बसलेलं पिल्लू शांत समजून घेऊ नका, हेही सांगते, कारण ते शांत नसतं, घाबरलेलं असतं. दया येऊन लोक नेमकं तेच नेतात.

मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “नाही नाही, दोन-तीन वर्षं तरी काही नाही.” आईंसमोर तुम्ही दुसरं काय म्हणणार होता, हे आता कळतंय. पण त्या उत्तरावर मीही विसंबले. नंतर फोनवर एका शब्दाने सांगितलं असतं, तर मी लाल पिल्लू गाडीत बसू दिलं नसतं.

४५ दिवसांचं पिल्लू मागूनही दिलं नाही आणि वर पैसे जास्त घेतले, अशीही तुमची तक्रार आहे. दिलं नाही, कारण आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनी बंदी आहे. आणि नियम नसता तरी दिलं नसतं. भावंडाला जोरात चावलं की ते केकाटतं आणि खेळ थांबवतं, आई गुरकावते. दात किती दाबायचा हे पिल्लू त्या आठवड्यांत शिकतं. जास्तीचे १५०० रुपये पहिली लस आणि त्या दिवसांचं खाणं यांचे होते, पावती दिली आहे.

आता “आक्रमक निघालं”. तुम्ही पाठवलेला व्हिडिओ मी पाच-सहा वेळा पाहिला. शेपटी सैल आहे, कंबर हलतेय, ताईंची ओढणी तोंडात आहे. हे खेळणं आहे. साडेचार महिन्यांना दुधाचे दात पडत असतात, हिरड्या शिवशिवतात आणि लॅबला मुळातच वस्तू तोंडात धरायची सवय. सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं. अंग ताठ होणं, जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरणं, नजर रोखून बघणं, यातलं काही दिसलं तर मला त्याच दिवशी कळवा. तोपर्यंत फ्रीजरमधलं गाजर द्या. चावलं की न ओरडता उठून खोलीबाहेर जा. नाकावर मारू नका, तुमच्या रिव्ह्यूतून मला तशी शंका आली.

ताईंसाठी मुख्य हे. स्वयंपाकघराच्या आणि झोपायच्या खोलीच्या दाराला आत्ताच छोटं फाटक लावा, बाळ आल्यावर नाही. नंतर लावलं तर बाळामुळे आपल्याला बाहेर काढलं असं पिल्लाला होतं. फोनवर बाळाच्या रडण्याचा आवाज हळू लावून त्याच वेळी खायला द्या. चारही पाय जमिनीवर असतील तेव्हाच जवळ घ्या, हे आईंनाही सांगा. आणि बाळ आल्यावर पिल्लू कितीही गुणी झालं तरी दोघांना एकटं सोडायचं नाही.

एवढं करूनही झेपत नसेल तर त्याला परत आणा. साखळीला बांधू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका. पैशाचं बसून बोलू. हिरवं पिल्लू मात्र गेलं, त्या घरी दोन शाळकरी मुली आहेत.

आम्हीही सुधारणा करतो आहोत. घरच्यांबद्दलचे प्रश्न आता भेटीआधी फोनवर, एकेकट्याला विचारू. बाकीही काही गोष्टी बघतोय.

अँटी-रेबीजची लस तीन महिन्यांना द्यायची होती. कार्डावर मी तारीख लाल शाईने लिहिली होती. तुम्ही पाठवलेल्या कार्डाच्या फोटोत तो चौकोन रिकामा दिसतोय. राहिली असेल तर या आठवड्यातच देऊन घ्या.