वकिलाकडे जाताना बायकोला नेऊ नका? कोणी सांगितलं?

‘वकिलाकडे पहिल्यांदा जाताय? या ७ गोष्टी कोणी सांगणार नाही’ असा एक फॉरवर्ड गेल्या पंधरवड्यात मला पाच जणांनी पाठवला. चार वेळा मी तो न उघडताच पुढे गेलो. पाचव्यांदा आला तो माझ्या मावसभावाकडून, रात्री साडेअकराला. खाली त्याने लिहिलं होतं, ‘उद्या पणजीला चाललोय, बरं झालं वेळेवर मिळालं.’ मी सकाळी पाहून फोन लावला तेव्हा तो पर्वरी ओलांडून गेला होता. आणि तिथे जाऊन त्याने त्यातले सगळे सल्ले इमानेइतबारे पाळले.

त्याचा डिचोली तालुक्यात काजूचा कारखाना आहे. भागीदार म्हापशाचा, आता त्याला बाहेर पडायचंय आणि हिशोबावरून दोघांचं बिनसलंय. धंद्याचीच कामं बघणाऱ्या एका फर्मची वेळ घेतली होती. पहिल्या भेटीची फी भरून हा रिकाम्या हाताने परतला. पुन्हा जावं लागलं, पुन्हा फी. (हे त्याला विचारूनच लिहितोय. नाव नको, एवढीच त्याची अट.)

मी वकील नव्हे. फोंड्याला एका वकिलांच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकुनी केली. आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची, नाव-गाव लिहून घ्यायचं, कागद तारखेप्रमाणे लावून आत पाठवायचे. तेवढ्या अनुभवावर बोलतोय.

फॉरवर्डमधले सात मुद्दे थोडक्यात असे: पहिली भेट कायद्यानेच मोफत असते, वकिलाला सगळं खरं सांगू नका, भेटीआधी समोरच्याचं नाव विचारलं तर समजा सेटिंग आहे, कागद देऊ नका (अडकवून ठेवतो), बायकोला नेऊ नका, फी जिंकल्यावर टक्क्याने ठरवा, आणि पहिल्या भेटीत निकाल सांगेल तोच खरा वकील.

मी पाचव्यापासून सुरू करतो, कारण खरं नुकसान तिथे झालं. मूळ वाक्यं अशी: ‘धंदा वेगळा, घर वेगळं. वकील घरचं विचारू लागला तर विषय बदला.’

हे लिहिणारा गोव्याचा नव्हे, हे सांगायला पुरावा नको. आपल्याकडे पोर्तुगिजांचा १८६७ चा नागरी कायदा लग्न आणि वारसा या बाबतींत १९६१ नंतरही चालूच राहिला; वारशाचा भाग २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात गेला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर काही अपवाद सोडून नवरा-बायकोची मालमत्ता समाईक. निम्मी त्याची, निम्मी तिची. मग ती लग्नाआधीची असो की बापाकडून आलेली. घर-जमीन विकायची तर एकट्याची सही चालत नाही. गहाण ठेवतानाही बँक दोघांना समोर बसवते. असं असताना गोव्यातला माणूस ‘धंदा वेगळा, घर वेगळं’ म्हणतो कोणत्या तोंडाने?

पणजीच्या वकिलांनी पाचव्या मिनिटाला विचारलं, ‘लग्नाची नोंद कुठे झाली? आधी काही करार केला होता?’ आमचे बंधुराज चिडले. मला फोनवर म्हणाले, ‘अरे, मी धंद्याचं विचारायला गेलो आणि तो माझ्या लग्नाचं विचारत बसला!’ याने विषय बदलला. वकिलांनी दोनदा पुन्हा त्याच विषयावर आणलं, तर याला वाटलं फॉरवर्ड किती खरा!

आता वस्तुस्थिती बघा. कारखान्याच्या कर्जाला राहतं घर तारण आहे. त्या कागदांवर वहिनीची सही आहे. ती का घेतली, हे याला बारा वर्षांत बँकेला विचारावंसं वाटलं नाही. १९६१ च्या आयकर कायद्यात खास आपल्यासारख्यांसाठी कलम ५अ होतं: पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोच्या नावे निम्मं निम्मं दाखवायचं. त्याप्रमाणे याचा सीए वर्षानुवर्षं वहिनीचंही विवरणपत्र भरत आला, आणि हा समजत होता की ती सीएची कर वाचवायची काहीतरी युक्ती आहे. उद्या भागीदाराशी तडजोड करताना घर सोडवायचं की आणखी पैसे उचलायचे, हे ठरणार असेल, तर दुसरी सही करणारी बाई त्या खोलीत नको? तिला घरी ठेवून अर्धीच गोष्ट विचारायला गेलास तर अर्धंच उत्तर मिळणार.

दुसरा मुद्दा: सगळं खरं सांगू नका, तो उद्या पोलिसांना सांगेल किंवा समोरच्याला विकेल. वकिलाशी कामानिमित्त झालेलं बोलणं अशिलाच्या संमतीशिवाय उघड करायला वकिलाला मनाई आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ होतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३२ आहे. हे बंधन वकिलाच्या कारकुनालाही आहे. बावीस वर्षं मलाही होतं, आणि अजूनही आहे. अर्धं खरं एवढंच की पुढे करायच्या लबाडीसाठी सल्ला मागाल तर त्याला हे संरक्षण नाही. पण आमच्या गड्याने लपवलं काय, तर भागीदाराला दोन वेळा रोख दिलेले पैसे. तेच तर त्याच्या बाजूचं होतं!

तिसऱ्या मुद्द्याला मी खरोखर हसलो. भेटीआधी फोनवर समोरच्याचं नाव विचारतात, कारण समोरचा त्याच ऑफिसचा जुना अशील असू शकतो. एकाला सल्ला दिल्यावर त्याच भांडणात दुसऱ्याच्या बाजूने उभं राहता येत नाही, असा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा, नियम आहे. त्यात गोवा केवढा? म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अर्ध्या तासात दोन सोयरे आणि एक व्याही भेटतो. जो वकील नाव न विचारता वेळ देतो, त्याचीच मला जास्त काळजी वाटेल. मावसभावाने फोनवर भागीदाराचं नाव सांगायला नकार दिला होता. तिथल्या मुलीने तरी वेळ कशी दिली, ते देव जाणे.

कागद अडकवण्याचा मुद्दा. इथे थोडं कबूल करतो: फी बुडाली म्हणून फाइल दाबून बसणारे असतात, मीही ऐकलेत. पण त्यावरचा निकाल फॉरवर्ड लिहिणाऱ्याला ठाऊक नाही. भोपाळच्या एका सहकारी बँकेने आपल्या वकिलाचं काम थांबवून फाइली परत मागितल्या. वकील म्हणाला, माझे सुमारे ९७ हजार द्या, मग फाइली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००० साली आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या निकालात न्यायालयाने सांगितलं की फीसाठी अशिलाचे कागद अडकवून ठेवायचा हक्क वकिलाला नाही. फी हवी तर वेगळा दावा लावा. कागद अडकवणं म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन. बार कौन्सिलने त्या वकिलाची सनद १८ महिन्यांसाठी थांबवली होती. न्यायालयाने ती शिक्षा ठपक्यावर आणली, पण का, तर या मुद्द्यावर तोवर स्पष्ट निकाल नव्हता म्हणून. आता आहे. त्याच निकालात अशिलाला वकील बदलण्याचं स्वातंत्र्य हवं, हेही म्हटलंय. म्हणजे ‘एकदा फाइल दिली की जन्माचा अडकलात’ ही फॉरवर्डमधली पुरवणीही तिथेच निकालात निघाली. आणि पहिल्या भेटीला मूळ कागद द्यायला सांगतो कोण? झेरॉक्स न्या, मूळ पिशवीत ठेवा, दाखवून परत घ्या.

आमच्याने काहीच नेलं नाही. भागीदारीपत्र घरी, बँकेचं पत्र घरी. वकिलांनी विचारलं, फर्मची नोंदणी झाली आहे का? हा म्हणाला, नोटरी केलंय ना! नोटरी म्हणजे सह्यांची साक्ष, नोंदणी म्हणजे सरकारी निबंधकाकडे फर्मची नोंद; दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. १९३२ च्या भागीदारी कायद्याचं कलम ६९ सांगतं की नोंद नसलेल्या फर्मचा भागीदार करारातला हक्क बजावण्यासाठी फर्मवर किंवा दुसऱ्या भागीदारावर दावा लावू शकत नाही. फर्म मोडून हिशोब मागता येतो, तेवढी वाट उघडी असते. आता याच्या प्रश्नाचं उत्तर त्या एका कागदावर अवलंबून, आणि तो कागद डिचोलीला कपाटात. सातव्या मुद्द्याला हेच उत्तर पुरे आहे. पैसे थकले असतील तर साधारण तीन वर्षांची मुदत, तीही कोणत्या तारखेपासून मोजायची हे कागद सांगतात. ते न बघता निकाल सांगणाऱ्याला आम्ही वकील नाही, ज्योतिषी म्हणतो.

राहिले दोन. जिंकल्यावर टक्क्याने फी घेणं आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही; हे अमेरिकेतून आलंय, फॉरवर्डमध्ये ‘अॅटर्नी’ हा शब्द तसाच राहिलाय त्यावरून कळतं. आणि पहिली भेट मोफत असा कायदा नाही. काही जण पहिल्या अर्ध्या तासाचे घेत नाहीत, काही घेतात. फोनवर विचारलं तर सांगतात, लाजायचं काय त्यात? १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्नाची माणसं यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मदत मिळते, ती वेगळी. बहुधा तेच कुठेतरी ऐकून यांनी सगळ्यांना वाटून टाकलं.

दुसऱ्या भेटीला मीही गेलो. वहिनी होती. तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबाच आणला होता, त्यात भागीदारीपत्र, बँकेची पत्रं, लग्नाचा दाखला, आणि कारखान्याची शेड ज्या जमिनीवर आहे तिचा फॉर्म १ व १४ चा उतारा, म्हणजे आपल्याकडचा सातबारा. वकिलांनी उतारा उलटून पाहिला. कब्जेदाराच्या रकान्यात अजून वहिनीच्या आजेसासऱ्यांचं नाव. इन्व्हेंटरी, म्हणजे वारस ठरवून वाटणी करायची कोर्टातली प्रक्रिया, झालेलीच नव्हती. त्यांनी भागीदाराचे कागद बाजूला सारले, एक कोरा कागद ओढला आणि विचारलं, ‘आजोबांचे वारस किती?’

वहिनी बोटांवर मोजू लागली. अकराव्या नावाला मावसभावाने पाणी मागितलं.