गाझावर पोस्ट टाकण्याआधी कुमारस्वामी वाचा

इस्रायल-पॅलेस्टाइनची बातमी आली की आपल्याकडे दोन तट पडायला तासभरही लागत नाही. इकडे इस्रायलचे निळे-पांढरे झेंडे, तिकडे पॅलेस्टाइनच्या पाठिंब्याचे कलिंगडाचे इमोजी, आणि वाहिन्यांवर नकाशापुढे उभं राहून ओरडणारे तज्ज्ञ. या गदारोळात प्रा. पी. आर. कुमारस्वामी हे नाव क्वचितच ऐकू येतं. आयुष्यभर याच एका प्रदेशाचा अभ्यास केलेला माणूस, पण त्याला वाचलं की दोन्ही तटांची पंचाईत होते.

जेएनयूत शिकवायला लागण्याआधी ते १९९२ ते १९९९ जेरुसलेममध्ये होते, हिब्रू विद्यापीठाच्या ट्रुमन संशोधन संस्थेत. काळ बघा. १९९२च्या जानेवारीत भारताने इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले, १९९३ला इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्वातला ऑस्लो करार, १९९५ला इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांची हत्या. हे सगळं घडत असताना तिथेच राहून बघणं आणि दिल्लीत बसून कात्रणं काढणं, यात फरक पडणारच.

त्यांचा मूळ प्रश्न साधा आहे. इस्रायलला मान्यता आपण १७ सप्टेंबर १९५०लाच दिली, मग दूतावास उघडायला १९९२ का उजाडलं? साखरपुडा झाला आणि लग्न ४१ वर्षं लांबलं! मधल्या काळात इस्रायलची वकिलात होती ती आपल्या मुंबईत, १९५३पासून. १९८२मध्ये तिथल्या इस्रायली वाणिज्यदूताने एका वृत्तपत्राला मुलाखत देताना भारताच्या धोरणावर टीका केली, तर सरकारने त्याला सरळ देशाबाहेर काढलं.

‘अरबांचं तेल आणि संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवरची त्यांची मतं’ हे ठरलेलं उत्तर आपण सगळेच देतो. कुमारस्वामी २०१०च्या ‘इंडियाज इस्रायल पॉलिसी’ या ग्रंथात आणखी मागे, खिलाफत चळवळीपर्यंत जातात. मुस्लिमांच्या पाठिंब्यासाठी काँग्रेस आणि मुस्लिम लीग यांच्यात जी चढाओढ चालली होती, तिच्यात या धोरणाची मुळं आहेत, असं ते मांडतात. मला हा भर जरा जास्तच वाटतो. फाळणीच्या जखमा घेऊन जगणाऱ्या नेत्यांना धर्माच्या आधारावर आणखी एका भूमीचे तुकडे होणं मनापासून नकोसं असणार, त्यात मतांचं गणित किती शोधायचं? १९४७च्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीत भारताने इराण आणि युगोस्लाव्हियाबरोबर फाळणीऐवजी अरब-ज्यूंच्या एकाच संघराज्याची योजना मांडली होती, ती उगाच नव्हे. पण वाद घालायचा तर असा, कागद समोर ठेवून.

गांधीजींवरचं त्यांचं लेखन तर जरूर वाचावं. ‘इंग्लंड जसं इंग्रजांचं, तसं पॅलेस्टाइन अरबांचं’ हे १९३८च्या ‘हरिजन’मधलं वाक्य प्रत्येक भाषणात येतं. पण त्याच गांधींनी १९४६मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांच्याशी बोलताना ज्यूंचा हक्क आधीचा असल्याचं म्हटलं होतं, अशी नोंद फिशर यांनी केली आहे. आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मध्ये, अमेरिका, ब्रिटन आणि उघड दहशतवाद यांच्या जोरावर स्वतःला पॅलेस्टाइनवर लादणाऱ्या ज्यूंची मोठी चूक होते आहे, असंही लिहिलं. शिवाय गांधींचे जिवलग मित्र कॅलनबाख स्वतः ज्यू. १९३७मध्ये ते भारतात येऊन गांधींना भेटले, त्यामागे झायोनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंचं राष्ट्र हवं असणाऱ्या, नेत्यांचीही खटपट होती. आता यातलं एकच वाक्य उचलून पोस्टर करणाऱ्यांना काय म्हणावं?

याखेरीज आखाती देशांशी भारताच्या संबंधांचे वार्षिक आढावे, नियतकालिकाचं संपादन, विद्यार्थ्यांना तयार करणं, अशी कंटाळवाणी कामंही त्यांनी केली. टाळ्या मिळतात त्या एका मिनिटाच्या रीलला.

आखातात सुमारे ९० लाख भारतीय राहतात, त्यात आपली रत्नागिरी-रायगडची माणसंही आली. तरीही अरबी किंवा हिब्रू शिकून या विषयात पीएचडी करतो म्हणणाऱ्या मराठी मुलाला घरचे पहिलं विचारतात, ‘अरे, एमपीएससीचं काय?’ आणि मार्गदर्शक शोधायला त्याला दिल्लीच गाठावी लागते.

कमेंटमध्ये भांडायला या, पण निदान एक प्रकरण वाचून या.