कुणाच्या सहीनं बंद केलंय?

रात्री साडेअकराला बेळगावात टिळकवाडीतल्या खोलीत बसलोय, सकाळी काम द्यायचंय, आणि प्रोग्रामला लागणारी एक साधी लायब्ररी, म्हणजे तयार कोड, नेटवरून उतरत नाही. काळ्या पडद्यावर तीच ओळ: कनेक्शन रीसेट. मोबाईलच्या नेटवर तीच लिंक झटक्यात उघडते! म्हणजे सर्व्हर धडधाकट आहे, मधेच कुणीतरी नरडं दाबलंय. कुणी? का? कस्टमर केअरवाला आधी कन्नडमध्ये, मग हिंदीत एकच सांगतो, राउटर बंद करून चालू करा. अहो, चारदा केला!

आणि हे आजचं नाही. २०१४ च्या डिसेंबरात सरकारनं गिटहब, म्हणजे प्रोग्रामरांची कोड ठेवायची साइट, अडवलं, २०२२ मध्ये व्हीएलसीची साइट. व्हिडिओ प्लेअर हो, त्यानं कुणाचं काय बिघडवलं? एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे साइटशी कुलूपबंद बोलण्यात, मधल्या नेट कंपनीला फक्त डोमेनचं, म्हणजे साइटचं, नाव दिसतं, पान नाही, म्हणून एका पानापायी अख्खी साइट गाडतात. वर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालची, म्हणजे साइट बंद करायची, कारवाई गुप्त ठेवायची, असं २००९ चे नियमच सांगतात. आदेशच दिसत नाही तर दाद मागायची कशावर?

नऊला पुण्याहून क्लायंटचा फोन येईल. काय सांगू त्याला?