वहिवाट

जूनमध्ये बाबा नागपूरहून महिनाभरासाठी आमच्याकडे इंग्लंडला आले होते. पहिल्याच आठवड्यात त्यांना स्टोनहेंज हे प्रसिद्ध प्राचीन दगडी वर्तुळ दाखवलं. तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटापासून दगडांमध्ये जाता येत नाही, दोराच्या बाहेरून बघायचं. बाबांनी शांतपणे एक फेरी मारली. बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "एवढ्या दुरून आलो, अन् हात लावू देत नाहीत काहून?"

म्हणून पुढच्या शनिवारी स्विंडनहून ४९ नंबरची बस धरली आणि त्यांना एव्हबरीला नेलं.

एव्हबरी हे विल्टशरमधलं खेडं, आणि ते चक्क साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दगडी वर्तुळाच्या आत वसलंय. बाहेरचं वर्तुळ युरोपातलं सगळ्यात मोठं, व्यास ३३० मीटरच्या आसपास. एकेकाळी त्यात शंभरेक दगड उभे होते. भोवती खंदक, तो हरणाच्या शिंगांनी खणलेला. आज त्याच वर्तुळातून डांबरी रस्ता जातो, मेंढ्या चरतात, माणसं राहतात आणि गवताच्या छपराचा रेड लायन नावाचा पबही तिथेच आहे. दगड बघायला तिकीट नाही. बाबा पहिल्याच दगडाशी गेले, तळहात टेकवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

या दगडांनीही बरंच भोगलंय. चौदाव्या शतकात गावकऱ्यांनी त्यातले कितीतरी दगड खड्डे खणून पुरले. १९३८ साली अशाच एका पुरलेल्या दगडाजवळ एका माणसाचा सांगाडा सापडला, सोबत कात्री आणि १३२० च्या सुमाराची चांदीची नाणी. अठराव्या शतकात लोक दगडाखाली जाळ करायचे, तापला की गार पाणी ओतायचे आणि घणाने फोडायचे. त्या तुकड्यांनी गावातली घरं बांधली. विल्यम स्टुकली या पुरावस्तूंच्या अभ्यासकाने हा नाश डोळ्यांनी पाहिला आणि लिहून, चित्रं काढून नोंदवून ठेवला. मग १९३० च्या दशकात मार्मलेडच्या धंद्यातल्या घराण्याचा वारस अलेक्झांडर केलर याने जमीन घेतली, पुरलेले दगड पुन्हा उभे केले आणि जिथले फुटून गेले तिथे काँक्रीटचे खुंट रोवले. १९४३ मध्ये ही जागा वारसास्थळं जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली.

पण आज मला लिहायचंय ते वाटेबद्दल.

एव्हबरीहून निघून पुन्हा एव्हबरीलाच आणून सोडणारी साधारण दहा किलोमीटरची गोल वाट आहे. केनेट नदीच्या काठाने निघायचं. उन्हाळ्यात वरच्या अंगाला ही नदी आटते, ते बघून बाबांना घरचंच वाटलं. उजव्या हाताला सिल्बरी हिल, माणसांनी रचलेली खडूच्या मातीची टेकडी, इसवीसनपूर्व २४०० च्या आसपासची. आत काय दडलंय ते बघायला १७७६ पासून तिला भोकं पाडली. शेवटी २००० साली माथा खचला, मग आतले बोगदे भरून काढावे लागले. तिच्यावर चढायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पुढे हमरस्ता ओलांडून चढ चढला की वेस्ट केनेट लाँग बॅरो, शंभरेक मीटर लांब समाधी, साडेपाच हजार वर्षांहून जुनी. आत दगडी खोल्यांमध्ये किमान ३६ माणसांचे अवशेष मिळाले. हल्ली काही लोक आत मेणबत्त्या लावतात आणि प्राचीन दगड काजळीने काळे करतात. हे बघून फार वाईट वाटतं.

तिथून ईस्ट केनेट गावाकडे जाताना वाट गव्हाच्या शेतात शिरली आणि बाबा थांबले. उभ्या गव्हातून, बांधाने नव्हे, थेट मधून, माणूस जाईल एवढी पट्टी मोकळी होती. कडेला लाकडी खांबावर पिवळा बाण. बाबांनी वाकून माती पाहिली. "इथं नांगर फिरला आहे. मंग वाट कशी राहिली?"

त्यांना सांगितलं की हा इथला कायदा आहे. १९४९ च्या कायद्याने प्रत्येक परगण्याला आपल्या पायवाटांचे अधिकृत नकाशे करावे लागले. एकदा नकाशावर चढली की वाट वाट राहते, जमीन कोणाचीही असो. शेतातून जाणारी वाट पेरणीसाठी नांगरता येते, पण १९९० च्या कायद्याप्रमाणे १४ दिवसांत ती पुन्हा चालण्याजोगी करून द्यावी लागते. इंग्लंड-वेल्समध्ये असे सव्वादोन लाख किलोमीटर हक्काचे रस्ते आहेत. तेही फुकट मिळालेले नाहीत. १९३२ साली किंडर स्काउटच्या डोंगरावर मज्जाव मोडून शेकडो लोक चढले आणि त्यातले काही तुरुंगात गेले.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मला माहीत होतं त्यांच्या मनात काय चाललंय. आमच्या शेताकडे जाणारी पांदण मी लहान असताना शेजाऱ्याने धुऱ्यासकट नांगरून टाकली. वहिवाटीचा दावा झाला, पंचनामा झाला, तारखा पडल्या. बाबांची चाळिशी त्यात गेली. पावसाळ्यात कापसाला खत डोक्यावरून न्यावं लागायचं. वहिवाट हा शब्द आमच्या घरात भांडणाचा शब्द होता. त्या गव्हात उभं राहून मला त्याचा खरा अर्थ लागला: पिढ्यानपिढ्या पाय पडत राहिले म्हणून निर्माण झालेला हक्क.

ओव्हरटन हिलवरून रिजवे नावाची पुरातन वाट धरली, डावीकडे खाली सिल्बरी दिसत राहिली. उजवीकडच्या माळावर सार्सनचे, म्हणजे कठीण वाळूखडकाचे, दगड पसरलेत. लांबून ते बसलेल्या मेंढ्यांसारखे दिसतात म्हणून त्यांना 'ग्रे वेदर्स', म्हणजे करड्या मेंढ्या, म्हणतात. मग हेरपाथ नावाच्या जुन्या वाटेने उतरून पुन्हा वर्तुळात. बाबा सत्तरीचे आहेत. कुठे वाट विचारावी लागली नाही आणि कोणी हटकलंही नाही.

रेड लायनमध्ये बसलो. पब म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर जे येतं ते विसरा. चिखलाच्या बुटांनी आलेली माणसं, टेबलाखाली कुत्रा, चिप्स खाणारी पोरं, कोपऱ्यात एकटे बसलेले आजोबा. बाबा दारू घेत नाहीत. त्यांनी सूप-पाव घेतला. म्हणाले, "ही तर चावडी आहे." चालणारे इथे येऊन जेवतात, म्हणून खेड्यात चार पैसे राहतात, म्हणून गावाला वाट राहावीशी वाटते. मला ही साखळी फार मोलाची वाटते.

आता आपल्या जुनापाणीबद्दल. नागपूरहून काटोल रोडने थोडं पुढे गेलं की सुमारे ३०० शिळावर्तुळं आहेत. लोहयुगातली दफनं. एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे खोदलं तेव्हा खंजीर, कुऱ्हाडी, घोड्यांचे लगाम आणि काळी-तांबडी भांडी मिळाली. दगडांवर कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड इथे नंतर पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव आणि सहकाऱ्यांनी उत्खनन केलं. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टी निघाली. मी काटोलच्या एसटीतून शेकडो वेळा त्या रस्त्याने गेलो असेन. एकदाही कोणी बोट दाखवून सांगितलं नाही.

एव्हबरी आणि जुनापाणी एक नाहीत. काळात हजार-दीड हजार वर्षांहून जास्त अंतर आहे. पण संरक्षित स्मारकाची निळी पाटी लावून काम संपतं, हे मला मान्य नाही. नागपूर चहूकडे पसरतंय. ज्या वर्तुळाकडे रोज कोणी चालत जात नाही, ते एका रात्रीत जेसीबीखाली गेलं तर ओरडणार कोण? तिथे खांब आणि बाण लावलेली, गावातून निघून गावात परतणारी वाट हवी. ग्रामसभेत ठराव करून, सात-बारावर नोंद असलेली.

त्या दिवशी रेड लायनच्या बिलाच्या मागे बाबांनी पेनने एक वेडावाकडा गोल काढला. त्यावर खुणा केल्या: फाटा, दगड, नाला, गाव, पुन्हा दगड, आणि शेवटी जिथे तर्री-पोहे मिळतात ती टपरी. मग प्रत्येक खुणेशेजारी बसून आठवून लिहिलं, पावलं किती पडतील ते.

डिसेंबरात मी नागपूरला येतोय. पहिल्या रविवारी सकाळी सहाला जुनापाणीच्या फाट्यावर भेटू. पावलं मोजायला बाबा आहेतच.