नव्वद अंशांत ताठ बसण्याचा हट्ट कशाला?

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय: ‘एर्गोनॉमिक खुर्ची घ्या, नव्वद अंशांत ताठ बसा, कंबरदुखी कायमची जाईल.’ लोक विश्वास ठेवतात, खुर्ची आणतात आणि दुखणं थांबलं नाही की ‘मलाच नीट बसता येत नाही’ म्हणून खंतावतात. म्हणून हे लिहितेय.

आधी नव्वद अंशांचं, म्हणजे मांडी आणि धड यांच्यातल्या काटकोनाचं बघू. कमरेच्या खळगीवर तळहात ठेवा आणि उभ्याचे सावकाश खाली बसा. मांड्या वर येतात तशी ती खळगी हाताखाली भरत जाते. मांडीमागचे स्नायू ओटीपोटाच्या हाडाला मागे ओढतात आणि कमरेचा बाक सपाट होतो. कीगन या अमेरिकन डॉक्टरांनी १९५३ मध्येच क्ष-किरण चित्रांवरून हे मांडलं होतं. मांडी आणि धड यांच्यात साधारण १३५ अंशांचा कोन असताना ही ओढ समतोल असते, असं त्यांचं म्हणणं. पुढे स्वीडनमध्ये मणक्यांमधल्या चकतीतला दाब सुई घालून मोजला गेला. खुर्चीची पाठ मागे कलती केली की तो दाब कमी होतो, असं त्यात दिसलं. म्हणजे मागे रेलून बसणं हा आळस नव्हे!

‘ताठ बसा’ हेही अर्धवटच. आधाराशिवाय ताठ राहायचं तर पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहतात आणि थकतात. मोठ्या माणसाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच, तिला पोषण आजूबाजूने झिरपूनच मिळतं आणि त्या झिरपण्याला हालचालीची मदत होते. एकाच आसनात, मग ते कितीही छान असो, तासन्‌तास थिजून का बसायचं?

‘कायमची जाईल’ याला तर आधारच नाही. कंबरदुखीची कारणं अनेक असतात. पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर खुर्ची बदलत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

राहिली खुर्ची. ती उपयोगी असते, पण आपल्या मापाला लावली तरच. माझ्या बहिणीच्या महागड्या खुर्चीला कमरेचा आधार होता, पण तो तिच्या पाठीला कधी टेकलाच नाही. बैठक इतकी खोल, की कड गुडघ्यामागे रुतायची. मग ती पुढे सरकायची आणि पोक काढून बसायची. बैठकीखालचा लिव्हर ओढून आम्ही खोली कमी केली, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं जागा ठेवली, पायांखाली ठोकळा दिला. आधार पाठीला लागला. मान मात्र वाकलेलीच राहिली, कारण लॅपटॉप टेबलावर सपाट होता. तो उंच करून वेगळा कीबोर्ड जोडला, तेव्हा कुठे मान वर आली.