यंदा मेयो कुठवर जाईल?

11 सप्टेंबर 2021. आमच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा), कॅसलबारच्या घरामागच्या अंगणात, मोठ्या बादलीत झालं. आरती थोडी लवकर उरकली, कारण पाच वाजता डब्लिनच्या क्रोक पार्कवर गेलिक फुटबॉलची ऑल-आयर्लंड फायनल होती, मेयो विरुद्ध टिरोन. शेजारच्या आजोबांना मोदक द्यायला गेलो, तर त्यांनी हाताला धरून आत बसवलं. 1951 साली मेयो शेवटचं जिंकलं तेव्हा ते आठ वर्षांचे होते, आणि गावात ज्याच्याकडे रेडिओ होता त्याच्या खिडकीखाली उभे राहून त्यांनी तो सामना ऐकला होता. 2021च्या त्या फायनलमध्ये दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला मेयोला पेनल्टी मिळाली. रायन ओ'डोनह्यूनं मारलेला चेंडू खांबावर आदळला, गोल झाला नाही. आजोबांच्या हातातला मोदक तसाच राहिला. ते काहीच बोलले नाहीत. टिरोन पाच गुणांनी जिंकलं.

1951नंतर हरलेली ही अकरावी फायनल. 1989, 1996, 1997, 2004, 2006, 2012, 2013, 2016, 2017, 2020 आणि 2021. इथल्या शाळकरी पोरांनाही ही सालं तोंडपाठ आहेत. 1951च्या फायनलमध्ये खेळलेल्या संघातले शेवटचे हयात खेळाडू पॅडी प्रेंडरगास्ट त्या टिरोनच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांत गेले. यंदा, 2026 मध्ये, त्या विजयाला 75 वर्षं होतील.

हे आज लिहायचं कारण म्हणजे आमचा चिपळूणच्या शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप. ऑक्टोबरच्या अखेरीस प्रो कबड्डीच्या फायनलमध्ये पुणेरी पलटण दबंग दिल्लीकडून हरली आणि ग्रुपवर जुना वाद पुन्हा पेटला. एकाचं म्हणणं, लिलाव आल्यापासून संघ कुणाचाच राहिला नाही, आपला पोरगा यंदा कुठल्या जर्सीत आहे हे यादी वाचून शोधावं लागतं. दुसरा तावातावानं म्हणाला, आमच्या वाडीतल्या रेडरच्या घराला स्लॅब पडला तो लिलावाच्या पैशातून, तुमच्या निष्ठेतून नाही. त्यातच महाराष्ट्राच्या रणजी संघाचा विषय निघाला. मुंबई सोडून आलेल्या पृथ्वी शॉनं चंडीगडविरुद्ध 222 केल्या, तर तो विजय ‘आपला’ धरायचा का? शेवटी सगळे माझ्यावर घसरले. तू सारखं त्या मेयोचं सांगतोस ना, मग सांग, यंदा जिंकतायत का?

मला वाटतं, नाही. क्वार्टर फायनलपर्यंत जातील. सगळं जुळून आलं तर सेमीफायनल. कप यंदा कॅसलबारला येणार नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गेलिक फुटबॉलमध्ये एका बाजूला पंधरा खेळाडू असतात. चेंडू हातात घेता येतो, पण घेऊन पळायचं तर चार पावलांत तो जमिनीवर आपटावा लागतो किंवा पायाच्या बोटांवरून पुन्हा हातात उडवावा लागतो. जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. आडव्या दांड्याच्या वरून, दोन उंच खांबांच्या मधून गेला तर एक पॉइंट. माझा नऊ वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरात हे बोटांवरून उडवणं घोटत असतो, आणि आमच्या डाळीच्या डब्यांना त्याचे पोचे आलेले आहेत.

2025 मध्ये या खेळाचे नियम बदलले. डब्लिनचे जुने प्रशिक्षक जिम गॅव्हिन यांच्या समितीनं सुचवलेले हे बदल. गोलपासून 40 मीटरवर एक कमान आखली, तिच्या बाहेरून मारलेल्या पॉइंटला दोन गुण. प्रत्येक संघानं तीन खेळाडू समोरच्याच्या अर्ध्या मैदानात ठेवायचेच, म्हणजे सगळ्यांनी मागे येऊन भिंत उभारायची सोय बंद. गोलकीपरची किक त्या कमानीच्या बाहेर गेलीच पाहिजे, त्यामुळे मैदानाच्या मध्यावर पुन्हा खरी उंच उड्यांची झटापट दिसू लागली. मला विचाराल तर बघणाऱ्यांवर उपकार झाले. 2024 पर्यंत कित्येक सामने हँडबॉलसारखे इकडून तिकडे चालायचे.

आता मेयोचं. पॅडी डर्कन, मॅथ्यू रुआन यांच्यासारखे मागून धावत येऊन अंगावर जाणारे खेळाडू ही या काउंटीची जुनी ताकद. मधली झटापटही मेयोला मानवते. दुखणं पुढच्या फळीत आहे. कमानीबाहेरून हमखास दोन गुण मारणारे पाय मेयोकडे पुरेसे नाहीत. गेल्या वर्षी मी मॅकहेल पार्कच्या स्टँडमधून हे पुन्हा पुन्हा पाहिलं. चेंडू कमानीपर्यंत यायचा, मारायला मोकळी जागा असायची, तरी खेळाडू मान वर करून दुसऱ्याला शोधायचा. तीन-चार पास व्हायचे आणि एका गुणावर समाधान. त्याच जागेवरून केरीचा डेव्हिड क्लिफर्ड काय करतो ते 2025च्या फायनलमध्ये दिसलं. एकट्याचे नऊ गुण, त्यात तीन वेळा दोन-दोन. केरीनं डोनेगॉलला दहा गुणांनी हरवलं आणि 39वी चॅम्पियनशिप घेतली.

दुसरं दुखणं ओ'डोनह्यूवरच्या भाराचं. खांबावर आदळलेल्या त्या पेनल्टीनंतर हा पोरगा खचला असता तर कुणी दोष दिला नसता. उलट तोच आज संघाचा मुख्य फॉरवर्ड आहे, फ्री किकही बहुतेक तोच घेतो. पण समोरच्या संघानं त्याला बांधून ठेवलं की बाकीच्यांकडून गुण येता येत नाहीत.

गेल्या वर्षी कॉनॉट प्रांताच्या फायनलमध्ये गॉलवेकडून दोन गुणांनी हार झाली. मग ऑल-आयर्लंडच्या गटातला पहिला सामना घरच्या मैदानावर कॅव्हनशी, तोही गेला. पुढे ओमाला जाऊन टिरोनला त्यांच्याच अंगणात हरवलं. शेवटचा सामना डोनेगॉलशी होता, आणि बरोबरी झाली असती तरी मेयो पुढे गेलं असतं. अखेरच्या क्षणी डोनेगॉलचा पॉइंट पडला आणि 1-15 विरुद्ध 0-19 (आधी गोल, मग पॉइंट), म्हणजे 18 विरुद्ध 19. एका गुणानं वर्ष संपलं. हंगाम चालू असतानाच प्रशिक्षक केव्हिन मॅकस्टे तब्येतीमुळे बाजूला झाले होते, आणि ऑगस्टमध्ये अँडी मोरनकडे संघ दिला गेला.

ही नेमणूक मला मनापासून पटली आहे. मोरन 2017 सालचा सर्वोत्तम फुटबॉलपटू. मुख्यतः फॉरवर्ड म्हणून खेळला, म्हणजे जिथे दुखतंय तिथलाच वैद्य. त्याचं गाव बॅलाहडरीन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सरकारनं जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्या आणि हे गाव रॉसकॉमन काउंटीत गेलं. गावचा क्लब मात्र आजवर मेयोतच खेळतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बेळगाव-निपाणीकडची नात्यातली माणसं आठवली. कागदावर राज्य एक, आणि कुणी विचारलं की तोंडून निघतं ते दुसरंच.

पण मोरनला खेळाडू विकत आणता येणार नाहीत. या खेळात लिलाव नाही, पगार नाही. प्रवासखर्च मिळतो, थोडं सरकारी अनुदान मिळतं, बाकी हे शिक्षक, पोलीस, विद्यार्थी. आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी सरावाला येतात आणि सकाळी कामावर जातात. बिऱ्हाड हलवलं तर काउंटी बदलता येते, पण तसं करणारे थोडे. मेयोची लोकसंख्या 1.38 लाख. आपल्याकडे अनेक तालुके याहून मोठे. त्यात जो जन्मला, जो गावात टिकला, त्यातूनच पंधरा निवडायचे. लहान काउंटी म्हणून हरतो, असं मात्र कुणी म्हणू नये. केरी 1.56 लाखांचीच आहे. तिथे पोराच्या हातात पहिला चेंडू पडतो तेव्हापासून किक शिकवतात, मेयोत पळणं शिकवतात. 1951च्या संघानं फॉक्सफर्डमधून मिरवणूक नेताना वाटेतल्या अंत्ययात्रेचा मान राखला नाही म्हणून शाप लागला, अशी एक कथा इथे सांगतात. मला ती ऐकवत नाही. गेलेल्या माणसांवर खापर फोडण्यापेक्षा बारा वर्षांच्या पोरांना 45 मीटरवरून मारायला शिकवा.

आता ग्रुपवरच्या मित्रांना उत्तर.

स्लॅबवाल्या मित्राचं म्हणणं मी खोडणार नाही. आमच्या लहानपणी कबड्डीपटूचं स्वप्न म्हणजे बँक किंवा रेल्वेच्या संघात नोकरी. ती मिळाली नाही तर तिशीत गुडघे गेलेला माणूस गावच्या पारावर बसलेला आम्ही पाहिलाय. 2014च्या पहिल्या लिलावात सर्वांत मोठी बोली 12.80 लाखांची होती, 2023 मध्ये ती 2.60 कोटींच्या वर गेली. हे पैसे मातीत खेळलेल्या पोरांच्या घरी गेले, याचा मला आनंद आहे. फुकट खेळण्याची किंमत मी इथे रोज बघतो. मेयोचा ऑइशिन मलिन, बचावातला हिरा, ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगला गेला आणि तिथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा व्यावसायिक खेळाडू झाला. कुणी त्याला नावं ठेवत नाही. पंचविशीतल्या पोराला घराचं भाडं परवडत नाही, तेव्हा निष्ठेवर किती ताण द्यायचा?

तरी पहिल्या मित्राला जे बोचतं तेही खरं आहे, आणि मेयोत राहून मला ते नीट कळलं. इथे क्लबचा एकच माणूस सकाळी मैदानावर पांढऱ्या रेघा मारतो, दुपारी आठ वर्षांच्या पोरांना शिकवतो आणि रात्री मोठ्या संघाच्या जर्सी धुवायला नेतो. मोठा संघ याच साखळीचं टोक आहे. कॉनॉटच्या स्पर्धेत लंडन आणि न्यूयॉर्कचेही संघ खेळतात, पोटासाठी गेलेल्या आयरिश माणसांचे. 2011 मध्ये लंडननं मेयोला जादा वेळेपर्यंत खेचलं होतं. 2023 मध्ये न्यूयॉर्कनं लीट्रिमला हरवलं तेव्हा लीट्रिमचा प्रशिक्षक हाच अँडी मोरन होता. कोकणी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. परळ-लालबागच्या चाळींत आमच्या चाकरमान्यांनी ग्रामदेवतेच्या नावानं मंडळं काढली, गिरणीची पाळी संपवून मैदान मारलं, आणि शिमग्याला येताना ढाल घेऊन आले.

ती मंडळं अजून आहेत. जिल्हा निवड चाचणीही होते. मी मागच्या डिसेंबरात चिपळूणला होतो तेव्हा एका रात्रीच्या स्पर्धेला गेलो. मॅटवर उत्तम रेड होत होत्या, आणि बघायला दोनशे माणसं. त्यातली निम्मी मोबाइलवर. रत्नागिरीचा संघ राज्य स्पर्धेत कितवा आला, हे आमच्या ग्रुपवर कुणालाच सांगता आलं नाही, मलाही नाही. महाराष्ट्रानं शेवटची रणजी 1940-41 साली जिंकली. मेयोच्याही आधी दहा वर्षं! 2013-14 मध्ये फायनलला जाऊन कर्नाटककडून हरलो. त्या रात्री पुण्यात कुणाची झोप उडाली?

म्हणून शॉच्या 222 ‘आपल्या’ का, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. तो गहुंजेला रोज घाम गाळेल तर आपलाच. पण आपण बघायला गेलो का? लिलाव बंद करा, असं मी म्हणत नाही. लिलावातून जे कोट्यवधी फिरतात त्यातला ठरावीक वाटा खेळाडूच्या पहिल्या मंडळाला मिळाला पाहिजे, नाव घेऊन, चेक हातात देऊन. आणि लीगच्या खेळाडूंना वर्षातून एकदा तरी आपल्या जिल्ह्याच्या जर्सीत, आपल्या गावापासून तासाभराच्या अंतरावर खेळायला मोकळं सोडलं पाहिजे. एवढं झालं तरी माझे दोन्ही मित्र एका बाकावर बसतील.

यंदा आयर्लंडमध्ये गट पद्धत गेली. आता सोळा संघ, पहिला सामना हरला तरी आणखी एक संधी. धडपडत सावरणाऱ्या मेयोसारख्या संघाला हे बरं आहे. वसंतात पहिलं बघायचं ते एवढंच, कमानीबाहेर चेंडू मिळाल्यावर मान वर होते की पाय चालतो. पाय चालला तर मी माझा अंदाज आनंदानं मागे घेईन.

फायनल पूर्वी सप्टेंबरात असायची. 2016ची डब्लिनशी बरोबरीत सुटली, मेयोनं स्वतःच्याच जाळ्यात दोन गोल घालूनही. फेरसामना 1 ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी झाला. तो एका गुणानं गेला. आता फायनल जुलैच्या शेवटी असते. आई फोनवर विचारत होती, गणपतीला यंदा किती दिवस येतोस. तिला म्हटलं, पंधरा. मग तिनंच विचारलं, “आणि त्या आजोबांचा संघ?” आजोबा आता त्र्याऐंशीचे झालेत. पहिल्या घरच्या सामन्याला मी त्यांना गाडीतून नेणार आहे. मॅकहेल पार्कच्या पायऱ्या उंच आहेत, म्हणून खालच्या रांगेतल्या जागा बघून ठेवल्यात.