‘प्रतिभा आणि प्रतिमा’च्या घरगुती टेप्स
मुंबई दूरदर्शनच्या ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मधल्या मुलाखती कुणी घरी व्हीसीआरवर टेप केल्या असतील तर डिजिटल करून ठेवा, असं आवाहन एका लेखात वाचलं, ते रास्त. पण कपाटातली कॅसेट काढून थेट व्हीसीआरमध्ये घालू नका! कोल्हापूरच्या पावसाळ्यात व्हीएचएसला, म्हणजे या घरगुती व्हिडिओ कॅसेटला, हमखास बुरशी धरते. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेला पांढरी पावडर दिसली की थांबा. ती व्हीसीआरच्या हेडवर (टेप वाचणाऱ्या भागावर) बसली की चित्रात बर्फासारखे ठिपके पडतात आणि पुढची प्रत्येक कॅसेटही बाटते. अशी टेप जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

कॅसेट चांगली असेल तर आधी मागची प्लास्टिकची टॅब मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्डिंग होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे, पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं चिकटून बसलेले वेढे सुटतात. कॅप्चर करताना, म्हणजे टेप संगणकावर उतरवताना, पाल (भारतातली टीव्ही-पद्धत), ७२० बाय ५७६ पिक्सेल, सेकंदाला २५ फ्रेम ठेवा. स्वस्तातली कॅप्चर डोंगल (व्हीसीआर संगणकाला जोडणारी उपकरणं) बऱ्याचदा एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकी पद्धतीवर, असतात, तेवढं बघा. चित्रात आडवा पट्टा थरथरत असेल तर व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण फिरवा. ई-१८०, म्हणजे १८० मिनिटांच्या, भरलेल्या कॅसेटला तीन तास लागणारच, घाई चालत नाही.